माकुणसारचा मसाला आणि अकरा मिनिटांची जाहिरात

गेल्या वर्षी १४ एप्रिलला माकुणसारच्या आमच्या एका भगिनीने घरगुती मसाल्याचा धंदा सुरू केला. त्याआधी त्या बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कंत्राटावर पॅकिंगचे काम करीत. पहाटे उठायचे, दोन डबे करायचे, केळवे रोडला गाडी पकडायची आणि दिवेलागणीला घरी परतायचे, असे अकरा वर्षे चालले. मग कंत्राट बदलले, नव्या कंत्राटदाराने आपली माणसे आणली आणि ताई घरी बसल्या. बसल्या म्हणजे काय, तर वाडीतल्या बायकांना वर्षाचा मसाला करून देऊ लागल्या. त्यांच्या हाताचा लाल मसाला असा, की बोंबलाचे कालवण शिजत असले तर चार घरांपलीकडून विचारणा यावी. तेव्हा हाच धंदा का करू नये, असे घरात ठरले आणि जयंतीचा दिवस धरला. (मुहूर्त म्हणत नाही, दिवस म्हणतो.)

त्यासाठी जाहिरातीचा व्हिडिओ काढण्याची कल्पना निघाली. ती कल्पना आमची होती, हे आधीच कबूल करतो. कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात आमचे कौतुक व्हावे असे फारसे नाही.

व्हिडिओ अकरा मिनिटांचा झाला. आरंभी मंडप, मग तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्प अर्पण, मग त्रिसरण-पंचशील, मग स्वागत, मग सत्कार. त्यानंतर आमचे भाषण साडेचार मिनिटे. समाजाने नोकरीच्या मागे न धावता उद्योगाकडे वळावे, असा आमचा विषय होता. विषय चांगलाच होता. पण मसाला कुठे होता? तो नवव्या मिनिटाला, बंद पुडीत, तीन सेकंद दिसला. मध्ये ड्रोनने काढलेली खाडी आणि नारळाच्या वाड्या होत्या, पार्श्वभूमीला एक गाजलेले भीमगीत होते. शेवटी पिवळ्या रंगावर पिवळ्या अक्षरांत फोन नंबर होता. व्हिडिओग्राफरचे, ड्रोनचे आणि जुळणीचे मिळून ८,००० रुपये झाले. ते ताईंनी भिशीतून काढले होते.

व्हिडिओ जयंतीच्या रात्रीच सगळ्या गटांवर टाकला. त्या रात्री कोणाच्या फोनवर काय येत असते, हे वाचकांना सांगायला नको. मिरवणुका, डीजे, रोषणाई, शुभेच्छा यांच्या महापुरात आमचा मसाला कुठल्या कुठे वाहून गेला. भीमगीताचे हक्क एका कंपनीकडे असल्याने दोन दिवसांनी एका ठिकाणी व्हिडिओचा आवाजच बंद झाला. आमचे भाषण मुके झाले, यावर आमच्या घरात फारसे दुःख झाले नाही.

महिनाभरात नऊ पुड्या गेल्या. त्यातल्या सहा नातेवाइकांनी घेतल्या.

आता कोणी म्हणेल, नऊ पुड्यांची गोष्ट साप्ताहिकात कशाला? त्याला एक कारण आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे 'मूकनायक' निघाले. त्याची जाहिरात पैसे घेऊन छापावी, अशी विनंती 'केसरी'कडे केली होती. ती नाकारली गेली. फुकट मागितली नव्हती, रोख पैसे मोजायची तयारी होती, तरी नाही. आपला माल, आपला विचार, आपले नाव चार लोकांपुढे न्यायचे तर दार दुसऱ्याच्या ताब्यात होते. आज ताईंच्या हातातला फोन म्हणजे छापखाना आहे आणि टपालखातेही आहे. तेथे 'नाही' म्हणायला संपादक बसलेला नाही. शंभर वर्षांनी मिळालेले हे दार आम्ही उघडले आणि त्यात उभे राहून साडेचार मिनिटे भाषण केले! ही चूक आम्हाला पुष्कळ दिवस बोचत होती, म्हणून हा लेख.

चूक कोठे झाली ते आम्हाला एका मुलीने दाखवले. पालघरला महाविद्यालयात जाणारी ताईंची भाची. तिने फोनवर एक रेघ दाखवली. व्हिडिओ ज्या ठिकाणी चढवतात तेथे मालकाला हिशेब पाहता येतो: किती जणांनी उघडला, सरासरी किती वेळ पाहिला, कितव्या सेकंदाला किती जण निघून गेले. आमची रेघ पहिल्या आठ-दहा सेकंदांतच विहिरीत दगड पडावा तशी खाली गेली होती. नवव्या मिनिटापर्यंत पोहोचलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे मसाला जेमतेम आठ-दहा जणांनीच पाहिला! "मामा, लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचा व्हिडिओ आहे," ती म्हणाली. "आपल्याला काय विकायचंय ते पहिल्या तीन सेकंदांत दिसलं पाहिजे." आम्ही तिला मनोमन गुरू केले. आता आमच्या विनंतीवरून ती वस्तीतल्या आणखी दोघा-तिघांना ही रेघ वाचायला शिकवते.

हे तंत्र नवे वाटते, पण त्यामागची समज जुनी आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढायचा होता आणि भांडवल मिळत नव्हते. चित्र हलते म्हणजे काय, हे सावकाराला तोंडाने सांगून पटेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करीत राहिले. बी फुटते, कोंब येतो, वेल चढते, हे सारे पडद्यावर मिनिटभरात दिसले. 'अंकुराची वाढ' हे त्याचे नाव. ती फीत निवडक लोकांना दाखवली आणि त्यातून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. म्हणजे फाळके यांच्या चित्रपटाला कर्ज मिळाले ते एका मिनिटाच्या फितीवर, आणि तिच्यात भाषण नव्हते, हार नव्हता. वाटाणा होता.

दुसरे उदाहरण आमच्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' १९७६ साली आला. कथेत डॉ. कुरियन यांचा वाटा, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि पैसे गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांचे, प्रत्येकी २ रुपये. बेनेगल यांनी त्याआधी दुधाच्या सहकारी चळवळीवर माहितीपट केले होते; पण माहितीपट ज्याला आधीच पटले आहे तोच पाहतो. ज्याला पटायचे आहे त्याच्यासाठी गोष्ट लागते. म्हणून 'मंथन'मध्ये गाव आहे, सरपंच आहे, दूध मातीमोल भावाने घेणारा डेअरीवाला आहे, आणि नसीरुद्दीन शहा यांनी उभा केलेला, कोणावरच विश्वास न ठेवणारा दलित वस्तीतला भोला आहे. स्मिता पाटील यांची बिंदू आहे. सोसायटीत दलितांना बरोबरीचे स्थान मिळणार की नाही, या प्रश्नावर गाव दुभंगते, ते त्या चित्रपटाने लपवले नाही. पुढे याच चित्रपटाच्या लहान फिती काढून त्या गावोगाव दाखवल्या आणि फितीबरोबर जनावरांचा डॉक्टर व दुधाचा जाणकार माणूसही पाठवला. पडद्यावरचे पाहून माणूस उठला, की शंका विचारायला समोर कोणीतरी हजर. जाहिरातीचे हे मर्म आम्हाला फार मोलाचे वाटते. आमच्या पहिल्या व्हिडिओवर जे चार-पाच फोन आले, ते ताईंना घेताच आले नाहीत; कारण त्या मंडपात पाहुण्यांना जेवण वाढत होत्या आणि फोन घरी चार्जिंगला लावलेला होता.

दुसरा व्हिडिओ मे महिन्यात काढला. खर्च एकच, कपड्याला लावायचा छोटा माईक, ६०० रुपये. कॅमेरा भाचीचा फोन.

तयारीत आम्ही दुसरी चूक केली. ताईंना आम्ही कागदावर वाक्ये लिहून दिली. 'आमचा मसाला पारंपरिक पद्धतीने सिद्ध केलेला असून...' अशी. ताई कागद पाठ करून उभ्या राहिल्या आणि 'सिद्ध'वर अडखळल्या. पुन्हा अडखळल्या. पाचव्या वेळी त्यांचे डोळे भरून आले. "दादा, मला नाय जमणार. माझी भाषा अशीच हाय." ज्या बाईला तीस माणसांच्या पंगतीला एकटीने पुरे पडता येते, तिला आम्ही आमच्या एका शब्दाने लहान केले होते. आपली बोली ऐकून लोक हसतील ही भीती आपल्या समाजात किती खोल बसली आहे, आणि ती भीती घालणाऱ्यांत आम्हीही होतो, हे त्या दिवशी कळले. कागद फाडला.

अहमदनगर जिल्ह्यातील (आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) सारोळा कासारच्या सुमन धामणे या आजींनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने 'आपली आजी' या नावाने स्वयंपाकाचे व्हिडिओ सुरू केले. त्यांनी गावचीच भाषा ठेवली. लाखो लोकांनी पाहिले, त्यात शहरातले होते, शिकलेले होते. माणसाला खरे बोलणे लगेच ओळखू येते. आम्ही ताईंना एवढेच म्हणालो, की शेजारणीला सांगता तसे सांगा.

मग जे झाले ते असे. पहिल्याच क्षणी लोखंडी कढईत मिरची पडते आणि तडतड आवाज येतो. ताई खोकतात. (ते काढून टाकावे असे आम्हाला वाटले, भाचीने ठेवले. तिचेच बरोबर निघाले. त्या खोकल्यावरच सगळ्यात जास्त लोकांनी हसून लिहिले.) मग त्या सांगतात: रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी, धणे इतके, खसखस, दगडफूल, नागकेशर, हळकुंड भाजून. मिरचीला तीन उन्हे दिल्याशिवाय कांडपाला न्यायची नाही. मग चमचाभर मसाला गरम तेलात पडतो, तेल लाल होते, त्यात बोंबील. मग किंमत: पाव किलो २०० रुपये. मग गाव, फोन नंबर, आणि बोईसर स्टेशनला कोणत्या वारी पुडी मिळेल ते. एकूण बावन्न सेकंद.

व्हिडिओ काढताना ज्या गोष्टी उपयोगी पडल्या त्या आमच्या वाचकांतील शिवणकाम करणाऱ्या, मेस चालवणाऱ्या, मंडप-केटरिंगवाल्या, रिपेरिंगवाल्या सर्वांनाच लागू आहेत, म्हणून सांगतो. खिडकीकडे तोंड करून उभे राहावे. खिडकी पाठीमागे असली तर चेहरा काळा येतो. फोनच्या भिंगावर स्वयंपाकघरातली वाफ आणि तेल बसते, ते आधी सुती कापडाने पुसावे. पंखा, मिक्सर, टीव्ही बंद. आमच्याकडे यांच्या जोडीला शेजारचा कोंबडा होता, त्याला काही उपाय चालला नाही. चित्र धूसर असले तरी माणूस पाहतो, पण आवाज फाटका असला की ताबडतोब सोडतो, म्हणून ६०० रुपये घालायचे तर माईकवर घालावेत. विरार-डहाणू लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणारा माणूस आवाज बंद करूनच पाहतो, तेव्हा किंमत आणि नंबर मोठ्या अक्षरांत, काळ्यावर पांढरे असे लिहावेत. बोईसरला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे हजारो कामगार खोल्या करून राहतात; त्यांच्यासाठी ताईंनी तोच व्हिडिओ हिंदीत वेगळा केला. मराठी-हिंदीची खिचडी एकाच व्हिडिओत केली असती तर दोघांनाही परका वाटला असता.

टाकायची वेळही पाहावी. ज्या आठवड्यात वसाहतीत पगार होतात त्या आठवड्यात, संध्याकाळी, पहिल्या पाळीची माणसे घरी येऊन चहा घेत असतात तेव्हा. महिनाअखेरीला २०० रुपयांची पुडी कोणी घेत नाही, हे ज्याने पगारावर दिवस काढले आहेत त्याला सांगावे लागत नाही. पण जाहिरातीच्या वेळी आम्हीच विसरलो होतो.

खोटे बोलू नये. पहिल्या व्हिडिओत आम्ही भाषणाच्या भरात 'या मसाल्याने कोणताही आजार जवळ येणार नाही' असे म्हटले होते. ते निखालस खोटे होते. सम्यक वाचा आणि सम्यक आजीविका विहारात शिकवायची आणि बाहेर येऊन असे बोलायचे, हे शोभत नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करून मिळालेला १४ अंकी क्रमांक ताईंनी पुडीवर छापला आणि व्हिडिओत ती बाजू कॅमेऱ्यापुढे धरली. आजार पळवून लावण्याच्या दाव्यापेक्षा त्या क्रमांकाने जास्त काम केले, असा आमचा अनुभव आहे. गाणेही या वेळी नव्हते. भीमगीताची जागा मसाल्याच्या पाठीमागे नाही, असे आमचे मत. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी आम्ही भांडत नाही; निदान हक्कांची चौकशी आधी करा.

आता ज्यावरून खरा वाद झाला त्याकडे वळतो.

ताईंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, ओट्याच्या वर डाव्या बाजूला, बाबासाहेबांचा फोटो आहे. शेजारी तथागतांची लहान प्रतिमा. ओट्यापाशी उभे राहिले की फोटो चित्रात येतो. व्हिडिओ टाकण्याआधी आम्ही तो चार जणांना दाखवला. त्यांत आपल्याच समाजातले, चांगल्या नोकरीत असलेले एक गृहस्थ होते. ते आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "बाकी उत्तम आहे, पण फोटो काढून घ्या. खाण्याची वस्तू आहे. गिऱ्हाईक तुटेल."

त्यांना आम्ही दोष देत नाही. आम्हीही नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कार्यालयात डबा उघडला आहे. पहिले पंधरा दिवस आमच्या डब्यातली लोणच्याची फोड सगळ्यांनी आवडीने खाल्ली. सोळाव्या दिवशी हजेरीपटावर आडनाव आणि गाव कोणीतरी नीट वाचले असावे. लोणचे तेच होते. त्यानंतर आम्ही लोणचे नेणे सोडले. आज लिहिताना लाज वाटते ती त्यांची की आमची, हे ठरवता येत नाही.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले होते ते वाचकांना ठाऊक असेल. पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण सोसलेला तो माणूस. शाहू महाराजांच्या मदतीने त्याने 'सत्यसुधारक' हॉटेल उघडले. स्वच्छता चोख, चहा उत्तम, आणि गिऱ्हाईक नाही. तेव्हा महाराजांनी भाषण केले नाही की हुकूम काढला नाही. त्यांनी आपली गाडी दुकानासमोर भर रस्त्यात उभी केली आणि चहा मागवला. स्वतः प्याले, बरोबरच्यांना पाजला. पुन्हा पुन्हा गेले. कामे घेऊन येणाऱ्यांना तेथेच थांबावे लागे आणि चहा घ्यावा लागे. सबंध महाराष्ट्रात याहून परिणामकारक जाहिरात झाली असेल असे आम्हाला वाटत नाही. पण त्या जाहिरातीत दुकानदार कोण हे लपवलेले नव्हते. लपवून चहा खपला असता तर महाराजांनी गाडी उभी करण्याचे कारणच नव्हते.

अलीकडे चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ मध्ये 'दलित फूड्स' याच नावाने लोणचे-मसाले विकायला काढले; लोक घेतात का ते पाहू, असे उघड आव्हान देऊन. मुंबईत धारावीत सुधीर राजभर यांनी 'चमार' हेच नाव आपल्या पिशव्यांच्या व्यवसायाला दिले. हे धाडस मोठे. पण ज्याच्या घरात शिल्लक नाही, ज्याची भिशी संपली आहे, त्याने एवढे धाडस करावे असा उपदेश आम्ही बाहेरून करू शकत नाही. म्हणून आम्ही ताईंनाच विचारले. त्या पुड्या शिवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मसाला याच घरात होतो ना? मग घर हाय तसं दिसू दे. मुद्दाम पुढं आणू नका, मुद्दाम काढू पण नका."

फोटो राहिला. पुडीवर मात्र बाबासाहेबांचे चित्र छापायचे नाही, हेही ताईंनीच ठरवले. पुडी रिकामी झाली की कचऱ्यात जाते, असे त्यांचे कारण.

परिणाम काय झाला तो जसाच्या तसा लिहितो. व्हिडिओखाली दोन घाणेरडे शेरे आले. भाचीने ते पुसले. जवळच्या बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने ठेवायला घेतलेल्या बारा पुड्या आठवड्याने परत केल्या. "चालत नाही" एवढेच म्हणाला. चालत नाही म्हणजे मसाला चालत नाही की आणखी काही, हे विचारायचे धैर्य आमच्याकडून झाले नाही. दुसऱ्या बाजूने, मुंबईहून काही फोन 'जयभीम ताई' अशा शब्दांनीच सुरू झाले. आणि बाकीचे फोन फक्त भाव विचारणारे, जसे कोणत्याही दुकानाला येतात तसे.

फोटोमुळे धंदा वाढला की घटला, हे आम्हाला वहीवरून सांगता येत नाही. वहीत जातीचा रकाना नाही, आणि नसावा.

ही वही मात्र आमची खरी भर, भाषणाची भरपाई म्हणून केलेली. आम्ही वाणिज्य शाखेचे. दुसरे काही येत नसले तरी रकाने पाडता येतात. शंभर पानी वहीत पाच रकाने पाडले: तारीख, फोन कोठून, आमच्याबद्दल कशातून कळले, किती पुड्या, पुन्हा मागितले काय. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. प्रत्येकाला ताई विचारतात, "कुठं बघितलंत?" कारण किती जणांनी व्हिडिओ पाहिला हा आकडा माणसाला फसवतो. हजारांनी पाहिला म्हणून छाती फुगते आणि घरात किलोभर मसाला पडूनच असतो.

हिशेब असा. किलोला ८०० रुपये भाव, सामान, कांडप, पुडी धरून खर्च ६०० रुपये. म्हणजे पाव किलोच्या पुडीमागे ५० रुपये सुटतात. पहिल्या व्हिडिओचे ८,००० रुपये भरून यायला १६० पुड्या, म्हणजे ४० किलो मसाला विकावा लागला असता. विकल्या नऊ. दुसऱ्या व्हिडिओचे ६०० रुपये भरून यायला १२ पुड्या पुरे होत्या. पहिल्या महिन्यात वहीत व्हिडिओच्या नावावर ३१ पुड्या लागल्या. म्हणजे १,५५० रुपये सुटले, माईकचे वजा जाता ९५०. एवढ्याशा रकमेसाठी एवढा खटाटोप, असे वाटेल. पण माईक आता घरचा झाला, आणि त्या ३१ पुड्यांतल्या काहींनी पुढच्या महिन्यात विचारल्याशिवाय पुन्हा मागितल्या. त्यांच्यासाठी व्हिडिओचा खर्च शून्य.

अंगुत्तर निकायात तथागतांनी दुकानदाराची उपमा दिली आहे. यशस्वी दुकानदाराला डोळे असतात, म्हणजे हा माल इतक्याला घेतला, इतक्याला विकला तर इतके सुटेल, हे त्याला दिसते. तो खरेदी-विक्रीत तरबेज असतो. आणि ज्यांच्याकडे भांडवल आहे त्यांचा त्याच्यावर भरवसा असतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या तीन गोष्टींत आम्ही पहिल्या व्हिडिओच्या वेळी पहिलीवरच नापास झालो होतो. तिसरीसाठी आता प्रयत्न चालू आहे: कांडप यंत्र घ्यायचे तर कर्ज लागेल, महात्मा फुले मागासवर्गीय विकास महामंडळाचे आणि बँकेचे कागद ताईंनी गोळा करायला घेतले आहेत. विकल्याचा पुरावा म्हणून ती वहीच त्या सोबत नेणार आहेत.

दरम्यान दोन-तीन छोटे व्हिडिओ झाले. एक फसला. दिवाळीच्या सवलतीचा, त्यात ताई नुसत्याच 'घ्या, घ्या' म्हणत होत्या. सगळ्यात जास्त पाहिला गेला तो ताईंच्या सासूबाईंचा. मसाला वर्षभर टिकावा म्हणून बरणी कशी उन्हात तापवायची, खाली वर हिंगाचे खडे कसे ठेवायचे, ओला चमचा का घालायचा नाही, हे त्यांनी चाळीस सेकंदांत सांगितले. विकण्याचा एक शब्द त्यात नाही. त्या आठवड्यात वहीची दीड पाने भरली.

पुढचा व्हिडिओ मार्चमध्ये, लोक वर्षाचा मसाला करायला घेतात त्याच्या आधी काढायचा आहे. कांडपावर जाऊन चित्रण करावे, असे भाचीचे म्हणणे. आम्ही दोन शब्द बोलू का, असे सहज विचारून पाहिले. ताई म्हणाल्या, "दादा, तुम्ही वही सांभाळा."